ओपन डूम्सडे: लट्रेल घराण्याच्या जमिनींचा माग काढताना

इंग्लंडमधील एखाद्या मध्ययुगीन नाइट घराण्याकडे कोणती गावे होती आणि ती कोणाकडून आली, हे शोधू पाहणाऱ्याने प्रथम ‘ओपन डूम्सडे’ हे विनामूल्य संकेतस्थळ उघडावे. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने करवून घेतलेल्या १०८६ च्या जमीन-पाहणीच्या, म्हणजे ‘डूम्सडे बुक’ या ग्रंथाच्या, नोंदी मूळ हस्तलिखिताच्या पानांच्या प्रतिमांसह, येथे गावागणिक नकाशावर मांडलेल्या आहेत. हल विद्यापीठात तयार झालेली माहिती त्यामागे असल्याने तिच्यावर विसंबता येते.

मी चाचणीसाठी नैऋत्य इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्याचे लट्रेल घराणे निवडले. ईस्ट क्वांटॉक्सहेड हे गाव उघडताच १०६६ चा, म्हणजे विल्यमने इंग्लंड जिंकण्यापूर्वीचा, धारक मर्ल्स्वेन आणि १०८६ चा राल्फ पेनेल अशी दोन्ही नावे समोर येतात. पेनेलच्या नावावर क्लिक केल्यावर सॉमरसेटपासून यॉर्कशायरपर्यंत विखुरलेली त्याची गावे एकत्र दिसतात आणि त्यांतच पूर्वेकडच्या लिंकनशायरमधील अर्नहॅमही सापडते. पेनेल घराण्यातील मुलीशी झालेल्या विवाहसंबंधातून ही दोन्ही गावे १३व्या शतकात लट्रेलांकडे आली. पुढे अर्नहॅम थोरल्या शाखेकडे राहिले आणि क्वांटॉक्सहेड धाकट्या शाखेला मिळाले. ‘लट्रेल साल्टर’ हे स्तोत्रांचे नक्षीदार हस्तलिखित करवून घेणारा, १३४५ मध्ये निधन पावलेला सर जेफ्री हा त्या थोरल्या शाखेचा. इतक्या दूरची दोन गावे एकाच घराण्याकडे कशी आली, या कोड्याचे निम्मे उत्तर या एका पानावर मिळते. माझ्या मते धारकाच्या नावाने होणारा हा शोध हेच या सेवेचे खरे वैशिष्ट्य आहे. नकाशा देखणा असला तरी दुय्यम आहे.

आकडे मात्र जपून वाचावेत. पुढे लट्रेलांकडे आलेल्या सॉमरसेटमधील डन्स्टरच्या नोंदीत अर्ध्या हाइडची (हाइड म्हणजे कर ठरवण्याचे जमिनीचे एकक) करआकारणी, दहा शिलिंग देणाऱ्या दोन पाणचक्क्या आणि एकूण मूल्य १५ शिलिंग असे आढळते. हे मूल्य म्हणजे धन्याला मिळणारे वार्षिक उत्पन्न असून जमिनीची किंमत नव्हे, आणि तेथील किल्ल्याचा तर त्यात हिशेबच नाही. १३७६ मध्ये लेडी एलिझाबेथ लट्रेलने डन्स्टरचा किल्ला, डन्स्टर, माइनहेड व किल्टन ही मॅनर (जहागिरी) आणि कारहॅम्प्टन हंड्रेड (परगण्याचा उपविभाग) यांचा भावी हक्क मोहुन घराण्यातील लेडी जोनकडून ५,००० मार्कांना, म्हणजे ३,३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्सला घेतला. प्रत्यक्ष ताब्यासाठी लट्रेलांना जोनच्या मृत्यूपर्यंत, १४०४ पर्यंत, थांबावे लागले! हा व्यवहार अर्थातच या संकेतस्थळाच्या कक्षेबाहेरचा आहे.

नाइट घराण्यांच्या अभ्यासकाला खरी अडचण येते ती मूळ ग्रंथामुळेच. थेट राजाकडून जमीन धारण करणारे बडे सरदार त्यात ठळकपणे ओळखू येतात. परंतु ज्यांच्यापासून अनेक नाइट घराणी निघाली, त्या त्यांच्या हाताखालच्या धारकांची ‘रॉजर’ किंवा ‘राल्फ’ अशी केवळ पहिली नावे दिलेली असतात. एकाच नावाच्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. शिवाय डरहॅम, नॉर्थम्बरलंड आणि लंडन यांची नोंद मूळ ग्रंथातच नाही. तेराव्या शतकापासूनच्या वारसाहक्कांसाठी धारकाच्या मृत्यूनंतर होणाऱ्या सरकारी चौकशीचे कागदच पाहावे लागतात. ते लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले असून त्यांचे छापील सारांशही उपलब्ध आहेत.