जिओजेब्रा: लांबी, क्षेत्रफळ, घनफळ काढताना कितपत कामाचं?

बारावी सायन्सच्या गणितात निश्चित संकलनाचं (डेफिनिट इंटिग्रेशनचं) उपयोजन क्षेत्रफळापाशी थांबतं. वक्राची लांबी, म्हणजे 'रेक्टिफिकेशन', इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला येते. दोन्हीकडे मार्क जातात ते इंटिग्रेशन येत नाही म्हणून कमी आणि आकृती किंवा लिमिट्स चुकल्या म्हणून जास्त. त्यामुळे जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची ती याच मुद्द्यावर: चूक होण्याआधी ती डोळ्यांना दिसते का?

हे सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्गमध्ये २००१ साली सुरू केलं. शिकण्या-शिकवण्यासाठी ते फुकट आहे. 'कॅल्क्युलेटर सूट' घेतलं की आलेख, ३डी आणि बीजगणिताचा 'कॅस' विभाग एकत्र मिळतो. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची.

सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये जाऊन राउंडिंग बदला. मुळात ते दोन दशांश स्थळांवर असतं. ५.३३ वरून १६/३ सुचेल, ०.९४ वरून ३π/१० कुणाला सुचणार? पाच स्थळं ठेवा, आणि अपूर्णांकातलं नेमकं उत्तर हवं असेल तर तेच गणित कॅसमध्ये घाला.

क्षेत्रफळासाठी 'इंटिग्रल' कमांडला फंक्शन आणि दोन लिमिट्स द्यायच्या. लगेच भाग रंगवला जातो आणि आकडा येतो. पण हा आकडा चिन्हासकट असतो, एक्स-अक्षाखालचा भाग उणे धरला जातो. साइनचं ० ते २π इंटिग्रल ० येतं, रंगवलेले दोन डोंगर मात्र समोर दिसत असतात. फंक्शन 'एबीएस'मध्ये, म्हणजे उणे चिन्ह काढणाऱ्या मापांकात, घातलं की ४ येतं. दोन वक्रांमधल्या भागासाठी 'इंटिग्रलबिट्वीन' आहे, तिथेही तीच गत. वाय = एक्स आणि वाय = एक्सचा घन यांच्यामधलं क्षेत्रफळ −१ ते १ घेतलं तर ० मिळतं, कारण मधे वक्र एकमेकांना ओलांडतात. खरं उत्तर १/२. म्हणून आधी 'इंटरसेक्ट'ने छेदनबिंदू काढावेत, मग लिमिट्स ठरवाव्यात.

बोर्डाचं लाडकं गणित म्हणजे वायचा वर्ग = ४एक्स आणि एक्सचा वर्ग = ४वाय या दोन पॅराबोलांमधला भाग. समीकरण जसंच्या तसं टाइप केलं तर सुंदर पॅराबोला मिळतो, पण तो 'फंक्शन' नसल्यामुळे इंटिग्रलच्या कमांडला चालत नाही. वरची शाखा २√एक्स अशी वेगळी लिहावी लागते. २√एक्स आधी, एक्सचा वर्ग भागिले ४ नंतर, लिमिट्स ० ते ४: उत्तर १६/३. क्रम उलटा केला तर −१६/३. ही अट नवख्यांना जाच वाटते, पण वहीतही शाखा वेगळीच करावी लागते, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

लांबीच्या बाबतीत मात्र हे साधन वहीच्या फार पुढे जातं. वाय = एक्सचा वर्ग याची ० ते १ लांबी 'लेंग्थ' कमांडने १.४७८९४ येते. हातानं करायला अर्धं पान आणि एक लॉग लागतो. एक्सचा वर्ग/२५ + वायचा वर्ग/१६ = १ हा इलिप्स घ्या. क्षेत्रफळ २०π, दोन ओळींचं काम. परिमितीसाठी मात्र नेहमीच्या फंक्शनांत बसणारं सूत्रच नाही, न्यूमरिकल पद्धतीनेच, म्हणजे आकडेमोडीने जवळचं उत्तर काढत, जावं लागतं. 'पेरिमीटर' कमांड २८.३६१६७ देते. रामानुजन यांनी १९१४ मध्ये दिलेल्या अंदाज-सूत्राने ताडून पाहिलं तर या पाचही दशांश स्थळांपर्यंत जुळतं.

सायक्लॉइडसाठी, म्हणजे सरळ घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या कमानीसाठी, 'कर्व्ह' कमांडमध्ये टी − साइन टी, १ − कॉस टी आणि टी ० ते २π द्या. लांबी बरोबर ८, म्हणजे चाकाच्या त्रिज्येच्या आठपट. इंग्लिश वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी हे १६५८ मध्ये दाखवलं. आता दोन कमानी, ० ते ४π. लांबी अर्थातच १६. हातानं करणाऱ्याला मात्र इथे ० मिळू शकतं, कारण वर्गमूळ काढल्यावर २ साइन(टी/२) असं लिहून मापांक विसरला जातो आणि दुसरी कमान पहिलीला खाऊन टाकते. वर्गात दाखवण्यासारखी चूक आहे ही. एक काळजी घ्या: अर्धवर्तुळ √(१ − एक्सचा वर्ग) असं लिहून लांबी मागू नका. दोन्ही टोकांना डेरिव्हेटिव्ह अनंत होतो आणि न्यूमरिकल पद्धत तिथे अडखळू शकते. कॉस टी, साइन टी असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

घनफळात जिओजेब्रा थोडं निराश करतं. 'व्हॉल्यूम' कमांड शंकू, गोल, प्रिझम अशा तयार घनाकृतींसाठी आहे. वक्र फिरवून झालेल्या आकाराला ती लागू नाही. 'सर्फेस' कमांडला फंक्शन आणि २π दिलं की एक्स-अक्षाभोवती फिरलेला आकार ३डीमध्ये दिसतो, घनफळ मात्र π गुणिले फंक्शनच्या वर्गाचं इंटिग्रल असं आपणच लिहायचं. तिथेच नेहमीची चूक होते. √एक्स आणि एक्सचा वर्ग यांच्यामधला ० ते १ भाग फिरवला तर आधी दोन्ही त्रिज्यांचे वर्ग, मग वजाबाकी: ३π/१०, म्हणजे ०.९४२४८. आधी वजाबाकी करून मग वर्ग केला तर ९π/७०, म्हणजे ०.४०३९२, निम्म्याहूनही कमी. चुकीचं सूत्र जिओजेब्रा निमूटपणे सोडवून देतं. पडताळ्यासाठी हाच भाग वाय-अक्षाभोवती नळकांड्यांच्या पद्धतीने फिरवा. आकृती वाय = एक्स या रेषेभोवती सममित असल्यामुळे पुन्हा ३π/१० यायला हवं, आणि येतं.

खरी मजा घरातल्या भांड्यात आहे. सरळ निमुळता स्टीलचा ग्लास सोपा: आतून तळाची त्रिज्या २.५ सेंमी, तोंडाची ३.५, उंची १२, तर घनफळ १०९π, सुमारे ३४२ मिली. कळशी घेतली की कस लागतो. फोटो लांबून, झूम करून आणि कळशीच्या मध्याच्या उंचीवरून काढावा. जवळून काढला तर पोट फुगलेलं दिसतं. फोटो आडवा करून कळशीचा मध्य एक्स-अक्षावर बसवायचा आणि खरी उंची मोजून फोटोचे कोपरे त्या मापाला लावायचे. मग कडेवर बिंदू ठेवून 'फिटपॉली'ने तिसऱ्या-चौथ्या घाताचा वक्र काढायचा. घात वाढवत नेला तर वक्र टोकांना हेलकावे खातो. तसं करण्यापेक्षा पोट आणि गळा असे दोन तुकडे करून दोन इंटिग्रलं मिळवावीत. 'स्प्लाइन' अधिक सुबक दिसतो, पण तो पॅरामीटरचा वक्र असल्यामुळे साध्या इंटिग्रलला थेट चालत नाही.

इथे चूक किती फुगते ते लक्षात घ्या. माप लावताना ३ टक्के चुकलात तर घनफळ ९ टक्क्यांनी चुकतं, कारण तिन्ही दिशा ताणल्या जातात. शिवाय फोटोत दिसते ती बाहेरची कड. १० सेंमी त्रिज्येवर १ मिमी पत्रा म्हटला तरी २ टक्के गेले. उत्तर मापाच्या भांड्याने पाणी ओतून तपासावं. ५ टक्क्यांच्या आत जुळलं तर उत्तम काम झालं म्हणायचं.

कॅसिओच्या ९९१ मालिकेतला सायंटिफिक कॅल्क्युलेटरही निश्चित इंटिग्रल सोडवतो आणि खिशात मावतो. पण आकृती दाखवत नाही, आणि डिग्री मोडमध्ये राहिला तर साइनचं ० ते π इंटिग्रल २ ऐवजी ०.०८६ सांगतो. बारावी बोर्डाच्या पेपरला तो चालतही नाही, तिथे लॉग टेबलच.

फोनवर आलेख आणि कॅस ठीक चालतात. लांब कमांड छोट्या कीबोर्डवर टाइप करणं कंटाळवाणं आहे आणि स्वस्त फोनवर ३डी आकार फिरवताना अडकतो. भांड्याचा प्रयोग लॅपटॉपवर, माउस लावूनच करावा. बोटाने कडेवर बिंदू नीट बसत नाहीत.