हेपा फिल्टरच्या नावाखाली ३९,२०० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

व्हॅक्युम क्लीनरचा ‘फ्री डेमो’ देणारे तुमच्याही दारात येऊन गेले असतील. गादीवर काळं फडकं ठेवून मशीन फिरवायचं, फडक्यावरची पांढरी भुकटी दाखवायची आणि म्हणायचं, “मॅडम, हे रोज तुमच्या नाकात जातंय.” कापसाच्या गादीतून अशी भुकटी कुठलंही मशीन कितीही वेळा काढेल. पण आमच्याकडे सासूबाईंना दमा, समोर बांधकाम चालू, डॉक्टरांनी धूळ टाळा म्हणून बजावलेलं. मशीनमध्ये बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर आहे, हे डेमोवाल्याचं बोलणं अशा घरातल्या कुणीही ऐकून घेतलं असतं. हौस म्हणून मी मशीन घेतलेलं नाही.

मशीन ३६,५००. जुना क्लीनर नेला त्याचे १,५०० वजा. वर दोन वर्षांचा सर्व्हिस प्लॅन ४,२००. एकूण ३९,२००. त्यातले २०,००० एका खासगी नंबरवर यूपीआयने, १९,२०० रोख. पावतीवर नुसतं ‘क्लीनिंग मशीन’, जीएसटी नंबर नाही. हुबेहूब तेच मशीन वेगळ्या स्टिकरखाली ऑनलाइन ७,४९९ ला मिळतं.

जिव्हारी लागलंय ते वेगळंच. पैसे देण्याआधी त्याने फिल्टर काढला, आमच्याच बेसिनच्या नळाखाली धरला, अंगठ्याने खसाखसा चोळला आणि म्हणाला, “बघा, आयुष्यभर बदलायला नको.” तिथेच त्याला उठवायला हवं होतं! हेपा फिल्टर म्हणजे अतिबारीक तंतूंचा घड्या घातलेला थर. काचतंतूंचा असेल तर पाण्याने आणि चोळण्याने त्याची वाट लागते. धुण्याजोगे काही फिल्टर असतात, पण तेही असे चोळत नाहीत आणि जन्मभर पुरत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं, आणि मी सासूबाईंच्या खोकल्याचा विचार करत उभी राहिले.

“९९.९७ टक्के” हा आकडा तो सारखा घोकत होता. आकडा खराच आहे, म्हणून तर माणूस फसतो. अमेरिकी व्याख्येप्रमाणे हेपाने ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके कण अडवायला हवेत. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, फार बारीक कण हवेत भरकटत तंतूंना चिकटतात, मधले ०.३ च्या आसपासचे सर्वांत जास्त निसटतात, म्हणून कसोटी त्यांची. युरोपच्या मानकात एच १३ हा दर्जा म्हणजे ९९.९५ टक्के, एच १४ म्हणजे ९९.९९५. आमच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. होतं ‘हेपा टाइप’. त्याला कुठलंही मानक लागू नाही. खोक्यावर दर्जा छापलेला नसेल तर पुढे बोलूच नका.

नंतर फिल्टर काढून पाहिला तर घड्या जवळपास पांढऱ्या आणि चौकटीच्या कडेने करड्या धुळीची जाड रेघ. कडेला रबराची पट्टीच नाही! हवा फिल्टरला वळसा घालून मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत. नुसता फिल्टर चांगला असून भागत नाही, सगळं मशीन हवाबंद लागतं. विकत घेताना ती पट्टी बोटाने चाचपा.

पोलीस चौकीत ऐकवलं, “मशीन मिळालं ना? चालतंय ना? मग फसवणूक कसली?” खोटं सांगून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक नाही तर काय? अर्जाची पोच मागितली तर “साहेब आल्यावर या”. साहेब बंदोबस्ताला. बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणा. पावतीवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे! यूपीआय नंबर, फोन नंबर, त्याचा फोटो, सगळं माझ्याकडे आहे. एका फोनमध्ये त्याचं नाव-गाव निघेल. पण तो फोन करायचा कुणी? कराच्या नोटिशीला आमचा पत्ता बरोबर सापडतो.

तुमच्यावर वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकून क्रमांक घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. जुनं मशीन डेमोवाल्याच्या हाती देऊ नका. ते गेलं की “परत घ्या” म्हणायची सोय जाते. रोख तर अजिबात नाही.

काल पलीकडच्या सोसायटीत हाच डेमो झाल्याचं कळलं. तिथल्या सेक्रेटरींना त्याचा फोटो आणि माझी पावती पाठवली आहे. तिथे कुणी पैसे दिले असतील तर माझ्यासोबत तक्रारीला या.