नवा रंग, जुन्या स्प्रिंगा

नऊ वर्षे वापरलेल्या माझ्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. पाच माणसे आणि डिकीत गुळाच्या ढेपा घेऊन आंबा घाट उतरताना मागचा भाग प्रत्येक खड्ड्यात रबरी स्टॉपरवर आदळत असे. कंपनीची जोडी मागवायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून कोल्हापुरातल्याच एका दुकानातून ‘इम्पोर्टेड हेवी ड्यूटी’ म्हणून दाखवलेल्या लालभडक स्प्रिंगा मी साडेआठ हजारांना बसवून घेतल्या. खोक्यावर पार्ट नंबर नव्हता आणि पक्क्या बिलाऐवजी चिठोऱ्यावर आकडा मिळाला. तरीही शंका आली नाही, कारण गाडी जागच्या जागी दीड इंच उचलली गेली होती आणि उंची वाढली म्हणजे काम झाले, असे मी धरून चाललो.

पंधरवड्यातच गतिरोधक ओलांडताना मागून ‘खट्ट’ असा आवाज येऊ लागला आणि रिकामी गाडी चेंडूसारखी उडू लागली. उद्यमनगरात लेथचे काम करणाऱ्या मामेभावाने गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबते सोडले आणि एका हाताने स्प्रिंग फिरवून दाखवली. चाक पूर्ण खाली लोंबत असतानाही जी वरच्या-खालच्या टेकण्याच्या बैठकांमध्ये थोडी तरी दाबलेली राहायला हवी, ती सैल बांगडीसारखी फिरत होती. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर लाल रंगाखाली काळा रंग, त्याखाली गंजाचे बारीक खड्डे आणि एका टोकाला ग्राइंडरचा सरळ काप दिसला. कुठल्या तरी जड गाडीच्या जुन्या स्प्रिंगेचा एक वेढा उडवून ती माझ्या गळ्यात मारली होती.

जाडी मोजायचा व्हर्नियर लावल्यावर स्प्रिंगेची तार 13 मिलिमीटर भरली. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची 12 होती. एका मिलिमीटरने काय होते, असे मी विचारले, तेव्हा त्याने हिशेब मांडला. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे बाकी मापे तीच असली तरी नुसत्या या फरकाने तो सुमारे 38 टक्के चढतो, आणि वेढा कापला की आणखी वाढतो. मूळ स्प्रिंगेसाठी बनवलेला शॉकॲब्सॉर्बर तिची उसळी आवरू शकत नाही. मला जास्त भीती गंजाची वाटली, कारण पिळाचा ताण तारेच्या पृष्ठभागावरच सर्वाधिक असतो, तडा अशाच खड्ड्यातून सुरू होतो, आणि घाटात मोडलेले टोक टायरमध्ये घुसू शकते.

म्हणून कोणी नुसती उंची सांगून स्प्रिंग विकत असेल, तर मोकळी लांबी, तारेची जाडी, वेढे आणि ताठपणाचा आकडा विचारावा, आणि जुनी काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून मगच नवी बसवू द्यावी. दुकानदाराने मला ‘बसवलेला माल परत घेत नाही’ असे सांगून वाटेला लावले, आणि कच्च्या चिठीवर तक्रार तरी कुठे करणार?

माझी जुनी जोडी त्याने भंगार म्हणून तीनशे रुपये वळते करून ठेवून घेतली होती. ती त्याने भंगाराच्या ढिगात टाकली नव्हती, फडक्याने पुसून आतल्या खोलीत नेली होती, हे मला आता आठवते.