आंतरसांस्कृतिक ख्रिस्ती सेवेचा पुण्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रम : दोन वर्षांच्या अनुभवानंतर

आंतरसांस्कृतिक ख्रिस्ती सेवा आणि मिशनकार्य या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी पुण्यातील एका ईश्वरविज्ञान महाविद्यालयातून नुकताच पूर्ण केला. आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, तरुण मुले-मुली या अभ्यासक्रमाला जावे की नाही, असे मला वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव देण्याचे मी टाळले आहे, कारण तेथील अध्यापकांचा माझ्यावर ऋणभार आहे आणि माझी जी मुख्य तक्रार आहे, ती त्यांच्यापैकी कोणा एकाविरुद्ध नाही. माझे मत आधीच सांगते. ज्याला दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकायचे आहे, त्याने हा अभ्यासक्रम जरूर करावा. परंतु ज्याला मराठी माणसांत सेवा करायची आहे, त्याने मराठीची शिदोरी घरूनच बांधून न्यावी, कारण तिथे ती मिळत नाही.

पहिल्या सत्रात मिशनकार्याचा इतिहास शिकवला जातो आणि तो भक्तिभावाने नव्हे, तर चिकित्सेने शिकवला जातो, ही या अभ्यासक्रमाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट होय. रॉबर्ट दि नोबिली हे इटालियन जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, 1606 साली मदुराईला आले, त्यांनी संन्याशाचा वेष धारण केला, तमिळ आणि संस्कृत आत्मसात केली आणि उच्चवर्णीयांशी त्यांच्याच परिभाषेत संवाद साधला, एवढे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. आमच्या वर्गात मात्र या प्रसंगावर तीन तास चर्चा झाली. संस्कृतीचा मान राखताना त्यांनी जातीच्या अंतराचाही मान राखला, आणि महाराष्ट्रातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले, त्यांच्या मुलांनी या उदाहरणाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न नगर जिल्ह्यातून आलेल्या माझ्या एका वर्गबंधूने विचारला. प्राध्यापकांनी त्याला घाईने उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यालाच त्या विषयावर टिपण वाचायला सांगितले, आणि संस्कृती हा शब्द उच्चारताना ती कोणाची आणि कोणाला बाहेर ठेवणारी, हे विचारण्याची सवय आम्हा सर्वांना त्या दिवसापासून लागली.

आम्ही वर्गात 14 जण होतो. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ईशान्य भारतातून, झारखंडमधून आणि ओडिशातून आलेले होते. 1910 साली एडिनबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती नेते व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आणि शेवटी आम्हाला मित्र द्या, अशी मागणी केली. हे भाषण अभ्यासाला होते. परंतु त्याचा अर्थ मला वसतिगृहाच्या भोजनगृहात कळला. माझ्या शेजारच्या खोलीतील मिझो मैत्रिणीने घरून आणलेले आंबवलेले सोयाबीन उघडले, तेव्हा मी पहिल्या दिवशी नकळत पदर नाकाला लावला. तिने काही म्हटले नाही. दोन महिन्यांनंतर तिने तो प्रसंग मला शांतपणे आठवून दिला, तेव्हा आंतरसांस्कृतिक या लांबलचक विशेषणाचा पहिला धडा मी शिकले. कोणत्याही अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ही गोष्ट छापता येत नाही, तरी अशा मिश्र वर्गात बसायला मिळणे हा प्रवेश घेण्याचा एक सबळ हेतू आहे, असे मी मानते.

क्षेत्रकार्य हा या अभ्यासक्रमाचा प्राण आहे. पहिल्याच वर्षी, आषाढी वारीला निघालेल्या ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा आम्हाला भवानी पेठेत आणि नाना पेठेत पाठवण्यात आले. कोणतीही पत्रके वाटायची नाहीत, कोणाशी वाद घालायचा नाही, परवानगीशिवाय छायाचित्र काढायचे नाही, आणि पाणी दिले तर ते केवळ पाणी म्हणून द्यायचे, अशा स्पष्ट सूचना होत्या. मी पुण्यातच वाढले, लहानपणापासून पालखीची गर्दी पाहत आले, तरी एका दिंडीसोबत बसून अभंग ऐकण्याचा माझा तो पहिला प्रसंग होता. मराठी कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. टिळकांची गीते आमच्या उपासनेत दर रविवारी गायली जातात. तो सेतू कसला आहे, हे मला त्या रात्री नाना पेठेत उमगले.

या क्षेत्रकार्याला कायद्याच्या अभ्यासाची जोड दिलेली आहे, हेही नोंदवले पाहिजे. संविधानाचे कलम 25 धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार समाविष्ट नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय आम्हाला मूळातून वाचायला लावला. औषध, धान्य किंवा शाळेची फी यांच्याशी प्रार्थनेचे आमंत्रण जोडणे हे केवळ बेकायदा ठरण्याचा धोका आहे म्हणून नव्हे, तर ते समोरच्या माणसाचा अपमान करणारे आहे म्हणून वर्ज्य आहे, असे अध्यापकांनी निक्षून सांगितले. ज्यांना या क्षेत्राबद्दल शंका वाटते, त्यांनी हा एक तास तरी ऐकायला हवा होता.

आता मुख्य उणिवेकडे येते. अध्यापन, वाचन, चर्चा, परीक्षा आणि प्रबंध हे सर्व इंग्रजीत चालते. देशभरातील विद्यार्थी एकत्र येतात, म्हणून अध्यापनाची भाषा इंग्रजी असणे मी समजू शकते. परंतु मराठीला अभ्यासविषय म्हणूनही स्थान नसावे, याचे मला दुःख होते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली गोव्यात छापलेले, सुमारे 11 हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण – संस्कृती ओलांडून केलेल्या सेवेचे याहून थोर उदाहरण कुठले असेल? त्यासाठी एका व्याख्यानातील दहा मिनिटे मिळाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातील साध्या बाईला वाचता यावे म्हणून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामात गढलेल्या होत्या. त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, तरी दोन वर्षांत आमची तिथे एकही भेट ठरली नाही.

विसंगती अशी की अभ्यासक्रमातील सिद्धान्त मातृभाषेच्याच बाजूने उभे आहेत. अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतील प्रोटेस्टंट मिशनसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये भारतात आले, तेव्हा स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी, या विचाराबरोबरच शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेत द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. याच बोर्डाच्या मराठी मिशनचे काम 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरला चालू होते. हा सगळा भाग आम्ही इंग्रजीत शिकलो आणि इंग्रजीत त्याची उत्तरे लिहिली.

माझा प्रबंध हडपसर परिसरातील प्रार्थनासभांना येणाऱ्या कष्टकरी स्त्रियांविषयी होता. मिशनकार्याचे अभ्यासक आणि मानववंशशास्त्रज्ञ पॉल हिबर्ट, ज्यांचा जन्म 1932 साली हैदराबादजवळ शमशाबाद येथे मिशनरी घरात झाला, त्यांनी 1982 साली असे मांडले की पाश्चात्त्य शिक्षण घेतलेला धर्मसेवक वरचा देव जाणतो, खालचे विज्ञान जाणतो, पण या दोहोंमधला भूत, नजर, करणी आणि नवस यांचा थर त्याला दिसतच नाही. या मांडणीमुळे मला त्या स्त्रियांचे बोलणे ऐकू येऊ लागले, आणि त्याबद्दल मी अभ्यासक्रमाची कायम ऋणी आहे. देवऋषीकडून थेट प्रार्थनासभेत आलेल्या आईला हसू नये आणि तिला घाबरवूही नये, मुलाला आधी डॉक्टरांकडे नेण्यास सोबत करावी, हे मी तिथेच शिकले. परंतु प्रबंध मराठीत लिहिण्याची माझी विनंती नाकारण्यात आली, आणि वेळ वाचावा म्हणून मी मुलाखतींच्या नोंदीही जागेवरच इंग्रजीत घेऊ लागले.

इतर गोष्टी थोडक्यात सांगते. ग्रंथालय उत्तम आहे आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असते, मात्र मराठी पुस्तकांचे एकच कपाट आहे आणि त्याची सूची अपुरी आहे. वसतिगृह स्वच्छ आहे. नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करणे मला अशक्य वाटते, कारण क्षेत्रकार्याचे दिवस ठरलेले नसतात. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती. प्रवेशापूर्वी पदवीची संलग्नता अवश्य तपासावी. 1818 साली स्थापन झालेल्या सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटशी, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न पदव्या बहुतेक मंडळ्या मान्य करतात. हे सेरामपूर बंगालमधील आहे, आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे, कारण अर्ज करताना काही पालकांचा तसा समज झालेला मी पाहिला आहे. अर्ज देण्यापूर्वी एक दिवस वर्गात बसू द्यावे, अशी विनंती करावी; आमच्याकडे ती मान्य होत असे.

प्रबंध सादर झाल्यावर मी त्याचा सारांश मराठीत लिहून काढला आणि हडपसरच्या त्याच बायकांना वाचून दाखवला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. एका ठिकाणी भाजीचा गाळा चालवणाऱ्या मावशींनी मला थांबवले. "बाई, अंगात येतं असं नव्हते म्हणाले मी. वारं लागलं म्हणाले होते. अंगात देवी येते, तिला आम्ही हात जोडतो. वारं लागतं त्याला उतरवावं लागतं." माझ्या नोंदवहीत दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द होता, आणि त्या एका शब्दावर प्रबंधाचे चौथे प्रकरण उभे आहे. माझ्या प्रतीत मी ती दुरुस्ती पेनाने केली. ग्रंथालयातील प्रतीत ती करून मिळावी, असा अर्ज मी मागच्या महिन्यात दिला आहे, आणि त्यासोबत पुढच्या तुकडीपासून मुलाखतींचा मूळ मराठी पाठ प्रबंधाला जोडण्याची मुभा असावी, अशी विनंतीही केली आहे.