गिरगावची खोली, फोंड्याचे घर आणि कायदा महाविद्यालयाचे संशोधन

गोव्यातील एका कायदा महाविद्यालयाने आपले चालू संशोधन प्रकल्प महिन्यातून एका शनिवारी सर्वसामान्य लोकांसाठी खुले ठेवले आहेत. प्रकल्पाच्या विषयात बसणारा प्रश्न घेऊन कोणीही जावे, विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यावर लेखी टिपण तयार करून देतात, असे या सेवेचे स्वरूप आहे. शुल्क घेतले जात नाही. हे टिपण म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले जाते. मी दोनदा गेले, तिथल्या तीन प्रकल्पांचे काम जवळून पाहिले आणि माझ्या घरच्या प्रश्नावर टिपणही घेतले. काही उणिवांविषयी लिहायचे असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

माझा प्रश्न वारशाचा होता. माझे वडील गोव्यातील फोंड्याचे, पण नोकरीची सगळी वर्षे त्यांनी मुंबईत काढली, गिरगावात मालकीची खोली घेतली आणि निवृत्तीनंतर ते गावी परतले. 2021 साली ते वारले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. गिरगावची जागा महाराष्ट्रात असल्याने तिला हिंदू वारसा कायदाच लागू होणार, असे भावांचे ठाम मत होते. तसे झाले तर आई आणि आम्ही तिघे असे चार सारखे वाटे होतात. गोव्याच्या कायद्याने हिशेब निराळा होतो. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक समजली जाते, त्यामुळे निम्मा भाग मुळातच आईचा ठरतो आणि उरलेल्या निम्म्यात आम्हा तिघा भावंडांना प्रत्येकी एक षष्ठांश येतो. आईच्या दृष्टीने पाव आणि अर्धा यांत केवढे अंतर आहे, हे वेगळे सांगायला नको.

नेमका हाच विषय एका प्रकल्पाने घेतला आहे. गोमंतकीय अधिवास (कायद्याने मानलेले कायमचे वास्तव्य) असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये जुझे पावलू कुतिन्यो खटल्यात दिला. ही संहिता 1867 ची. ती गोव्यात 1870 पासून लागू झाली आणि मुक्तीनंतर 1962 च्या केंद्रीय कायद्याने पुढे चालू राहिली. वारशाचा भाग मात्र आता राज्याच्या 2012 च्या उत्तराधिकार आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी) कायद्यात आहे व तो 2016 पासून अमलात आला. माझे प्रकरण हाताळणाऱ्या विद्यार्थिनीने सर्वांत आधी हाच मुद्दा मांडला, की वडिलांचा मृत्यू 2016 नंतरचा आहे आणि निर्णय जुन्या संहितेवरचा आहे, तेव्हा तो आपल्या प्रकरणाला कसा लावायचा याचा स्वतंत्र विचार करावा लागेल. त्यानंतर तिने अधिवासाविषयी विचारले: लग्नाची नोंदणी कुठे झाली, निवृत्तीनंतर वडील कधी परतले, मतदार यादीत नाव कुठे होते. कुणा वकिलाने आम्हाला हे प्रश्न विचारले नव्हते. अकरा पानी टिपणात निश्चित काय आणि वादाचे काय, हे वेगळे करून मांडले आहे आणि वादाच्या मुद्द्यावर खोटा दिलासा दिलेला नाही. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुसरा प्रकल्प कुळ आणि मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे, यांच्या प्रकरणांचा आहे. 1964 चा कुळ कायदा आणि 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा यांखालील दावे मामलेदाराकडे चालत. 2014 च्या दुरुस्तीने ते दिवाणी न्यायालयांकडे गेले आणि पुढे पुन्हा महसूल अधिकाऱ्यांकडे आले. या ये-जा करण्यात एकेका फाईलचे काय झाले, याचा माग विद्यार्थी तालुक्याच्या कचेरीत बसून आणि मुंडकारांच्या घरी जाऊन घेत आहेत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, बाजूचीही कागदपत्रे त्यांनी मिळवली आहेत, हे विशेष.

तिसऱ्या प्रकल्पाने मात्र निराशा केली. तो देवस्थानांच्या महाजनीवर, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजन घराण्यांच्या हक्कांवर आणि त्यांसाठीच्या 1933 च्या पोर्तुगीज माझानी नियमावलीवर आहे, आणि फोंडा तालुक्यातील माझ्यासारख्यांच्या तो जिव्हाळ्याचा आहे. पण काम मुख्यतः नियमावलीच्या इंग्रजी सारांशावर उभे आहे. देवस्थानांचे जुने जमाखर्च आणि ठराव मराठीत, बरेचसे मोडी लिपीत आहेत. मोडी वाचू शकणारे त्या गटात कोणी नाही आणि बाहेरून कोणाला बोलावलेलेही नाही. महाजनांचे हक्क प्रत्यक्षात कसे वापरले गेले, ते या वह्यांतच सापडेल.

भाषेची तक्रार संपूर्ण सेवेबद्दल आहे. टिपण तीन आठवड्यांत मिळेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात सहा आठवडे लागले. त्याचे मला फारसे वाटले नाही. पण ते फक्त इंग्रजीत होते, आणि ज्या बाईच्या अर्ध्या हिश्श्याचा त्यात विचार होता, ती माझी आई, इंग्रजी वाचू शकत नाही. मी हे सांगितल्यावर त्या विद्यार्थिनीने शेवटच्या पानामागे सगळा हिशेब मराठीत अर्ध्या पानात लिहून दिला. आईने ते पान स्वतः दोनदा वाचले आणि पुढच्या रविवारी भावांपुढे ठेवले. राज्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी आणि मराठी दोहोंना स्थान असताना असे अर्धे पान प्रत्येक टिपणाला जोडणे अवघड नाही. तशी लेखी विनंती मी कार्यालयात दिली आहे.

जाणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला, लग्नाच्या नोंदीचा उतारा, गोव्यातील जमिनीचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) आणि बाहेरच्या मालमत्तेचा खरेदी दस्त यांच्या प्रती सोबत न्याव्यात. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नयेत. तिथे ते मागतही नाहीत. सकाळी लवकर पोहोचावे, कारण प्रत्येक प्रश्नाला ते पाऊण तास तरी देतात आणि दुपारनंतर नवी नोंद घेत नाहीत.