भोंदू धर्मगुरूंवरची मेटल गाणी: आधी कोणतं ऐकाल?

देवाच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध मेटलमध्ये, म्हणजे जोरकस, गिटारप्रधान रॉकमध्ये, ढीगभर गाणी आहेत. सुरुवात कुठून करायची असं विचारलंत तर मी चार गाणी पुढे ठेवीन आणि एकच गोष्ट पाहायला सांगेन: गाण्याचा राग कुणावर आहे? बुवावर, भक्तावर, की श्रद्धेवरच?

यातल्या पहिल्या तिन्हींच्या मागे 1980च्या दशकातली अमेरिका आहे. टीव्हीवरून प्रवचन द्यायचं आणि तिथूनच देणग्या मागायच्या, हा तेव्हा मोठा धंदा झाला होता. 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल, असं ओरल रॉबर्ट्स या टीव्ही-प्रवचनकारांनी 1987 मध्ये प्रेक्षकांना सांगितलं. त्याच वर्षी दुसरे टीव्ही-प्रवचनकार जिम बेकर आपल्या संस्थेतून पायउतार झाले आणि 1989 मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. तिसरे, जिमी स्वॅगर्ट, यांचं वेश्येसोबतचं प्रकरण बाहेर आलं आणि फेब्रुवारी 1988 मध्ये ते कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले.

गायक ऑझी ऑस्बोर्नचं 'मिरॅकल मॅन' त्याच वर्षाच्या उत्तरार्धातलं, थेट स्वॅगर्टवर. व्हिडिओत चर्चभर डुकरं फिरतात. स्वॅगर्ट रॉकविरुद्ध गर्जत असत आणि ऑझीने धर्ममार्तंडांच्या शिव्या वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या, त्यामुळे गाण्यात हिशेब चुकता केल्याचा जोश आहे. हे गाणं ज्या अल्बमवर आहे, तो गिटारवादक झॅक वाइल्डचा ऑझीसोबतचा पहिलाच; गिटारसाठी तरी ऐकाच. पण स्वॅगर्ट कोण हे ठाऊक नसेल तर शब्दांतून फारसं हाती लागत नाही.

आयर्न मेडन या बँडचं 'होली स्मोक' 1990चं, ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. यातला बुवा 'जिमी रेप्टाइल' या नावाने येतो. आम्ही घाणीत राहिलो, पापं केली, तरी तुमच्यापेक्षा आमचाच वास बरा, हा त्यातला टोला अस्सल आहे. चाल खेळकर आहे. मेटल नवं असेल तर हे सगळ्यांत सोपं, मात्र मेडनच्या उत्तम गाण्यांत मी ते धरणार नाही.

माझी निवड मेटॅलिका या बँडचं 'लेपर मसाया'. अल्बम 'मास्टर ऑफ पपेट्स', मार्च 1986. तारीख महत्त्वाची आहे: बेकर आणि स्वॅगर्ट यांची भांडी फुटायच्या आधीचं हे गाणं. कुणा एकाची फजिती समोर नव्हती, म्हणून ते सगळी यंत्रणाच उघडी करून दाखवतं. पैसे पाठवा, स्वर्ग मिळेल. देणगी द्या, जागा चांगली मिळेल. आणि मग ते वळतं समोर बसलेल्यांकडे. दर रविवारी त्यांना आपला डोस लागतो! अल्बमचं शीर्षकगीत नशेवरचं आहे. तीच व्यसनाची भाषा इथे भक्तांना लावली आहे. बुवाला शिव्या घालणं सोपं असतं. त्याच्यासमोर रांग का लागते, हे विचारायची हिंमत या चार गाण्यांत इथेच सर्वांत जास्त दिसते. रिफही (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) तशीच जड, पावलं ओढत चालणाऱ्या जमावासारखी.

चौथं 'द गॉड दॅट फेल्ड', मेटॅलिकाचंच, 1991चं. यात लबाड कुणीच नाही, म्हणून ते शेवटी ठेवा. बँडचा गायक जेम्स हेटफिल्डचे आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे; प्रार्थनेने आजार बरा होतो, औषध नको, ही त्या पंथाची शिकवण. तो 16 वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. तिने कुणाला फसवलं नव्हतं, मनापासून विश्वास ठेवला होता, त्यामुळे या गाण्यातला राग कुणावर काढायचा तेच मुलाला कळत नाही. बरं करणारा हात आहे, पण खिळा खोल रुतल्याने तो जागीच अडकला आहे, असं तो गातो.