सहा महिन्यांचा सायकल कोचिंग प्लॅन: घ्या, पण चार्ट आधी बघा

जूनमधे एका ऑनलाइन कोचिंगवाल्यांचा प्लॅन घेतला, महिना साडेतीन हजार. मला डिसेंबरची २०० किमी बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) नीट मारायची होती, एवढंच.

पहिला चार्ट आला आणि डोकंच फिरलं. डिसेंबर-जानेवारी बेस (हळू चालवून पाया घालायचा), मार्च-एप्रिल बिल्ड (जोर वाढवत न्यायचा), जुलैत पीक (सगळ्यात फिट)! अहो, जुलैत पुण्यात काय पीक करू, सिंहगडावर रेनकोट घालून? युरोपातलं टेम्प्लेट जसंच्या तसं चिकटवलेलं. तिकडे हिवाळ्यात बाहेर पडवत नाही म्हणून घरात बेस करतात आणि उन्हाळ्यात रेस, आपलं बरोब्बर उलटं. पावसाळा घरात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरा सीझन, बीआरएमचं वर्षच १ नोव्हेंबरला सुरू होतं, पुणे-गोवा ६४३ किमीची डेक्कन क्लिफहँगर रेस पण नोव्हेंबरातच असते. दोन मेल आणि एक लांबलचक फोन झाल्यावर कोचने सगळं फिरवून दिलं. जून ते ऑगस्ट बेस, सप्टेंबर-ऑक्टोबर बिल्ड, मग चढ आणि लांब राइड्स.

तिथून पुढे मात्र मजा आली. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर) टेस्टला २० मिनिटं जीव खाऊन मारायचं आणि सरासरीचे ९५ टक्के धरायचे, माझी सरासरी १९६ वॅट आली म्हणजे एफटीपी १८६. त्यावरून झोन टू, म्हणजे आरामात लांब चालवायची पातळी, साधारण १०५ ते १४० वॅट. कोच म्हणाला बोलता आलं पाहिजे एवढ्याच जोरात चालवा, म्हणून मी ट्रेनरवर (घरात सायकल एका जागी बसवून चालवायचं स्टँड) बसून गावी आईला फोन लावायचो, ती "धापा का टाकतोयस रे" म्हणाली की गिअर हलका करायचा. वॅट मोजणाऱ्या पॉवर मीटरपेक्षा भारी! तीन आठवडे वाढवत न्यायचं आणि चौथा हलका, हे आधी कधीच पाळलं नव्हतं, दर रविवारी नुसतं मरमर मरायचो.

एक गोष्ट अजिबात पटली नाही. ऑक्टोबर हीटमधे चार तासांची राइड दिली, साडेसहाला निघूनही सासवडहून परतताना डोकं भणभणत होतं, हार्टरेट नेहमीपेक्षा दहाने वर, आणि विचारलं तर उत्तर काय, वॅट्स धरून ठेवा. मी नाही धरले. स्ट्रेंथचे व्हिडिओ पण ठीकठाकच, स्क्वॉट कुठे चुकतोय हे बघणारं कोणी नाही.

बीआरएमआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत सरावाचे तास निम्म्यावर आणले. मला वाटलं केलेलं सगळं वाया जाणार, पण २०० ला साडेतेरा तासांची मुदत असते, गेल्या वर्षी १२:५५ लागले होते आणि यंदा १०:५०, तेही शेवटच्या कंट्रोलला (वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर) निवांत मिसळ खाऊन.

घरी ट्रेनर नसेल तर हा प्लॅन घेऊ नका, पावसाळ्यातलं बहुतेक काम त्याच्यावरच आहे. आणि खाली जाड मॅट टाका, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर आल्या होत्या.